सह्याद्रीच्या आडवाटांवर मुक्काम करताना आणीबाणीचे साहित्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रतनगडाहून कात्राबाईची खिंड ओलांडून हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट असो, भीमाशंकरच्या घाटवाटा असोत किंवा राजगड-तोरण्याची डोंगरधार असो. जिथून गाडीरस्ता काही तासांच्या चालीवर आहे आणि रात्र डोंगरात काढायची आहे, अशा भटकंतीसाठी पुढील प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पायथ्याशी गाडी लावून भाड्याच्या तंबूत एक रात्र झोपणाऱ्यांना यातील निम्म्या गोष्टींची गरज भासणार नाही.

साहित्य निवडताना नेमका कोणता प्रसंग गृहीत धरावा?

एकच प्रसंग गृहीत धरावा. गटातील एकाला चालता येत नाही, अंधार पडला आहे आणि सकाळपर्यंत कोणी येणार नाही. सह्याद्रीत मदत मिळत नाही असे नाही, पण ती उशिरा मिळते. बहुतेक वेळा पहिल्यांदा धावून येतात ती जवळच्या वाडीतील माणसेच. दोन बांबू आणि एक घोंगडी यांची झोळी करून अवघड उतारावरून माणूस खाली आणण्याचे त्यांचे कसब पाहण्यासारखे असते. परंतु वाडीत निरोप पोहोचणे, माणसे गोळा होणे, त्यांनी वर येणे आणि जखमीला घेऊन उतरणे यांत सात-आठ तास सहज जातात. तेवढा वेळ जखमी माणूस कोरडा, उबदार आणि शुद्धीवर राहावा, आणि बाकीच्यांनी घाबरून अंधारात वाट शोधायला निघू नये, एवढ्यासाठीच हे साहित्य असते. एखादी वस्तू या सात-आठ तासांत काय करील, याचे उत्तर देता येत नसेल, तर ती दुकानातच राहू द्यावी. मोठ्या पात्याचा सुरा, गारगोटीची पेटवणी, पंचवीस कामांचे एकच हत्यार अशा वस्तूंना हे उत्तर सहसा देता येत नाही.

परदेशी संकेतस्थळांवरील 'दहा आवश्यक वस्तूं'ची यादी तशीच वापरावी का?

ती यादी अमेरिकेतील सिएटल येथील 'द माउंटेनिअर्स' या गिर्यारोहण संस्थेने 1930 च्या दशकात रूढ केली. दिशादर्शन, उजेड, जादा कपडे, प्रथमोपचार, जादा अन्न-पाणी असा तिचा गाभा आजही योग्यच आहे. मात्र ती बर्फाच्या आणि सूचिपर्णी जंगलांच्या मुलखात तयार झाली आहे. आपल्याकडे अस्वलापासून अन्न वाचवण्याचा डबा लागत नाही. उलट आग्या मोहोळ, फुरसे, एप्रिलमध्ये आटलेली टाकी आणि जुलैमध्ये दहा फुटांवरचे दिसू न देणारे धुके यांचा विचार त्या यादीत नाही. म्हणून तिचा सांगाडा घ्यावा आणि आतले साहित्य आपल्या डोंगराप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे भरावे.

प्रथमोपचाराच्या पेटीत काय असावे?

तयार पेटी विकत घेतल्यास तिच्यात छोट्या चिकटपट्ट्यांचा ढीग आणि कामाच्या वस्तूंचा दुष्काळ आढळतो. सह्याद्रीत घसाऱ्यावर मुरगळलेला घोटा, कातळावर सोललेले गुडघे आणि तळवे, टाचेला आलेले फोड, पोट बिघडणे आणि ऊन लागणे हे नेहमीचे प्रकार आहेत. त्यामुळे पेटीची सुरुवात दहा सेंटिमीटर रुंदीच्या दोन क्रेप बँडेजांपासून करावी. त्यानंतर निर्जंतुक गॉजची पाकिटे, गॉजचा गुंडाळा, चांगल्या प्रतीची कापडी चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडिनचे मलम, बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोज्यांचे दोन जोड आणि एक मोठा त्रिकोणी कपडा घ्यावा. वाहणारे रक्त थांबवण्यासाठी जखमेवर गॉज ठेवून सलग दहा मिनिटे दाबून धरणे हाच पहिला उपाय आहे. थांबले का, हे पाहण्यासाठी दर मिनिटाला गॉज उचलणे ही सर्रास होणारी चूक आहे.

मोडलेल्या हाडाला आधार देण्यासाठी घडीची खपची मिळते, परंतु गुंडाळलेली कॅरीमॅट (झोपताना खाली अंथरायची फोमची चटई) आणि क्रेप बँडेज यांनीही ते काम चांगले होते. पायाला कॅरीमॅट बांधण्याचा सराव मात्र एकदा घरी, दिवाणखान्यात, कोणाच्या तरी धडधाकट पायावर करून पाहावा.

औषधांमध्ये पॅरासिटामॉल, सेटिरिझिन (ॲलर्जीवरची गोळी) आणि ओआरएसची किमान सहा पाकिटे असावीत. ओआरएसचे पाकीट छापलेल्या मापाच्या पाण्यातच, म्हणजे बहुधा एक लिटरमध्ये, एकदम मिसळावे. अर्धे पाकीट अंदाजाने बाटलीत टाकल्यास क्षारांचे प्रमाण बिघडते. पाकिटे संपलीच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे माप लक्षात ठेवावे. ज्यांना दमा, मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी आपली औषधे दोन जागी विभागून ठेवावीत आणि ती कुठे आहेत हे आणखी एका सोबत्याला दाखवून ठेवावे.

सर्पदंशासाठी कोणते साहित्य न्यावे?

दंशाची जागा चिरण्याचे पाते, विष ओढण्याचा पंप आणि करकचून बांधायची दोरी यांपैकी काहीही नेऊ नये, कारण या तिन्हींमुळे अपायच होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही प्रमुख विषारी सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष वापरले जाते. त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकत असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच द्यावे लागते, सॅकमध्ये ठेवता येत नाही. त्यामुळे सर्वांत उपयोगी 'साहित्य' म्हणजे प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणते, ही निघण्यापूर्वी फोन करून मिळवलेली आणि कागदावर लिहून घेतलेली माहिती होय. दंश झाल्यावर अंगठी, घड्याळ, पैंजण काढावे, अवयव खपची लावून हलू न देता ठेवावा, वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णाला शक्यतो चालवू नये. साप मारण्यात किंवा पकडण्यात एक मिनिटही घालवू नये.

मण्यार रात्री फिरते आणि तिच्या दंशाची वेदना इतकी किरकोळ असते की झोपलेल्या माणसाला ती जाणवतही नाही. म्हणून गुहेत किंवा मंदिरात उघड्यावर पथारी टाकण्यापेक्षा चेन पूर्ण बंद होणारा तंबू अधिक सुरक्षित ठरतो. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू नयेत, हे सांगायला नकोच. कोकणाच्या बाजूला लाल विंचवाचा दंशही गंभीर असतो. त्यावरील प्राझोसिनच्या उपचाराचे श्रेय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामाला जाते. परंतु ते रक्तदाब खाली आणणारे औषध असल्याने आपल्या मनाने देऊ नये.

आग्या मोहोळ उठले तर उपयोगी पडेल असे काही आहे का?

आहे, पण ते हाताशी असेल तरच. डोके, मान आणि चेहरा झाकता येईल अशी पातळ चादर किंवा मोठा पंचा सॅकच्या वरच्या कप्प्यात असावा. मोहोळ उठल्यावर हात न झटकता, चेहरा झाकून, त्या जागेपासून शक्य तितके दूर पळावे, मात्र कड्याच्या काठावर हा सल्ला पाळताना पायाखाली पाहावे. अंगात रुतलेले काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढावेत. चिमटा शोधत बसण्यापेक्षा काटा लवकर निघणे महत्त्वाचे असते. सेटिरिझिनमुळे खाज आणि सूज कमी होते. श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे किंवा भोवळ येणे ही लक्षणे दिसल्यास मात्र ती गोळी पुरेशी नसते. तेव्हा ॲड्रेनालिनच लागते आणि त्याचे स्वतः टोचून घेण्याचे तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. ज्याला पूर्वी मधमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी झाली आहे, त्याने निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. ज्या कड्याला किंवा कपारीला पोळी लटकलेली दिसतात, तिच्याखाली चूल किंवा स्टोव्ह पेटवू नये, सिगारेट ओढू नये आणि भडक अत्तर लावून जाऊ नये.

पाण्यासाठी काय तरतूद असावी?

पाणी भरून नेण्याची क्षमता आणि मिळालेले पाणी पिण्याजोगे करण्याचे साधन, या दोन वेगळ्या तरतुदी आहेत. मार्च ते मे या काळात माणशी चार ते पाच लिटर पाणी वागवता आले पाहिजे, म्हणून नेहमीच्या दोन बाटल्यांशिवाय घडी होणारी दोन लिटरची पिशवी जवळ असावी. नकाशावर टाके दाखवले आहे म्हणजे त्यात पाणी आहे असे होत नाही. कोणत्या टाक्यात आज पाणी आहे, हे पायथ्याच्या वाडीतील गुराख्याइतके अचूक कोणीही सांगू शकत नाही. टाक्यातले पाणी गढूळ असेल तर आधी दुपदरी कापडातून गाळावे, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे किंवा पाणी खळाखळा एक मिनिट उकळावे. फक्त गाळल्याने पाणी दिसायला स्वच्छ होते, निर्जंतुक होत नाही.

उजेडासाठी मोबाइलची बॅटरी पुरेशी नाही का?

नाही. कातळटप्पा उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत आणि मोबाइल ही तुमच्या जवळची संपर्काची एकमेव वस्तू असते, ती उजेडासाठी संपवणे परवडणारे नसते. प्रत्येकाजवळ स्वतःचा हेडटॉर्च, म्हणजे डोक्याला बांधायचा टॉर्च, हवा. सहा जणांत तीन हेडटॉर्च म्हणजे अंधारात उतरताना तीन जण आंधळे. सॅकमध्ये दबून बटण सुरू राहते आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत टॉर्च मेलेला असतो, हा अनुभव बहुतेक जुन्या ट्रेकर्सनी घेतलेला असतो. म्हणून बटणाला कुलूप असलेला टॉर्च घ्यावा किंवा एक सेल उलटा घालून ठेवावा. सेलचा एक जादा संच चिकटपट्टीने एकत्र बांधून पेटीत टाकावा.

याच ठिकाणी शिट्टीचा उल्लेख करतो, कारण रुपये आणि ग्रॅम यांच्या हिशेबात तिच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही. धुक्यात ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. आत गोटी नसलेली प्लास्टिकची शिट्टी सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधावी. मिनिटात सहा वेळा वाजवणे, मग एक मिनिट थांबणे आणि पुन्हा तसेच करणे, हा मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मिनिटात तीन वेळा वाजलेली शिट्टी हे त्याचे उत्तर समजावे. टॉर्चनेही हाच संकेत देता येतो. गंमत म्हणून शिट्ट्या फुंकणाऱ्यांना मात्र पहिल्याच दिवशी समज द्यावी.

महाराष्ट्रात थंडीपासून बचावाचे साहित्य खरोखर लागते का?

लागते, आणि डिसेंबरपेक्षा जुलैत अधिक लागते. ओले कपडे, धारेवरचा वारा आणि थांबलेली हालचाल एकत्र आली की पंधरा-अठरा अंश तापमानातही शरीर गारठून जाते. जखमी माणूस हालचाल करू शकत नाही, म्हणून सर्वांत आधी तोच गारठतो. माणूस अडखळत बोलू लागला, बोटांनी चेन लावता येईना आणि तो 'मला काही होत नाही' म्हणू लागला, की त्याचे शरीर थंड पडत आहे असे समजावे. जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला एक पूर्ण कोरडा पोशाख, लोकरी कानटोपी आणि मोजे यांना मुक्कामाच्या जागेपर्यंत हात लावू नये. जीन्स आणि सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, ते पावसाळ्यात नेऊच नयेत.

चंदेरी आपत्कालीन ब्लँकेट अवघे 50-60 ग्रॅमचे असते आणि जरूर न्यावे, पण ते वाऱ्यात फडफडते आणि कारवीच्या काटकीला लागून फाटते. त्याच्या जोडीला तीन मीटर लांब-रुंद हलकी ताडपत्री किंवा मेणकापड आणि दहा मीटर बारीक दोरी घ्यावी. आपल्या वाड्यांतून भातलावणीच्या वेळी इरले वापरले जाते, तेच तत्त्व येथे आहे. पाठीवर पाणी येऊ द्यायचे नाही आणि वारा अडवायचा. जखमीला जमिनीवर तसेच निजवू नये. त्याच्या अंगावर टाकण्याइतकेच त्याच्या खाली घालणे महत्त्वाचे आहे, म्हणून कॅरीमॅट, रिकाम्या सॅक, वाळलेले गवत जे मिळेल ते खाली अंथरावे.

संपर्क आणि दिशा यांसाठी फोनवर कितपत विसंबावे?

फोनचे उपग्रहावर चालणारे स्थानदर्शन नेटवर्क नसतानाही काम करते. नकाशा मात्र घरूनच उतरवून घेतलेला असला पाहिजे. चालताना फोन विमान-मोडवर ठेवावा, कारण डोंगरात सतत मनोरा शोधत राहिल्याने बॅटरी झपाट्याने संपते. 10,000 मिलिअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेतून 5,000 क्षमतेचा फोन प्रत्यक्षात एकदा पूर्ण आणि वर थोडा एवढाच भरतो, दोनदा नाही. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा मनोरा आवाक्यात असेल तर 112 हा आणीबाणीचा क्रमांक लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी 108 आहे. कमकुवत नेटवर्कमध्ये बोलणे होत नाही तेथे लघुसंदेश अनेकदा जातो. त्यात अक्षांश-रेखांश, जखमींची संख्या आणि जागेचे स्थानिक नाव लिहावे. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा मदत क्रमांक निघण्यापूर्वीच सर्वांच्या फोनमध्ये नोंदवलेला असावा.

अमेरिकेतील नातेवाईक उपग्रह-संदेशाचे यंत्र आणून देत आहेत. ते घ्यावे का?

घेऊ नये. परदेशांत गिर्यारोहक सर्रास वापरतात ती गार्मिन इनरीचसारखी उपग्रह-संदेश यंत्रे आणि थुराया, इरिडियमचे उपग्रह फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आणता किंवा वापरता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावरही परदेशी पर्यटकांना अशा यंत्रामुळे पोलीस कारवाईला सामोरे जावे लागले आहे. भाऊ किंवा भाची प्रेमाने घेऊन येणार असेल तर तिला विमानात बसण्यापूर्वीच हे कळवावे.

दोर न्यावा का?

वापरता येत असेल तरच. हार्डवेअरच्या दुकानातील नायलॉनचा दोर सॅक खाली सोडायला ठीक आहे, माणसाचा भार त्यावर देऊ नये. माणसासाठी यूआयएए (गिर्यारोहणाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणित दोर, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि ते बांधणारा जाणता माणूस हे तिन्ही एकत्र लागतात. अलंग-मदन-कुलंग या अवघड किल्ल्यांसारख्या मोहिमेला असा माणूस सोबत असतोच, आणि इतरत्र दोर लागेल अशी वाट पकडली गेली असेल तर बहुधा वाट चुकलेली असते.

विजेपासून बचावासाठी काही साधन आहे का?

सोबत नेण्याजोगे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आपल्या परिसरात वीज पडण्याची सूचना देते, पण त्यासाठी नेटवर्क लागते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी ढग दाटू लागले की माथा, धार आणि एकटे झाड सोडून खाली उतरावे.

हे सगळे कोणी आणि सॅकमध्ये कुठे वाहायचे?

एकदा घसाऱ्याच्या उतरणीवर माझ्या सोबत्याचा घोटा मुरगळला, तेव्हा आमची प्रथमोपचाराची पेटी सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या सॅकमध्ये, तळाशी, तांदळाच्या पिशवीखाली होती आणि तो वीस मिनिटे पुढे निघून गेला होता. शिट्ट्या वाजवूनही वाऱ्यामुळे त्याला ऐकू गेले नाही. तेव्हापासून पेटी शेवटी चालणाऱ्याकडे असते, कारण जखमीच्या मागून येणारा माणूस त्याच्यापर्यंत पोहोचतोच. पेटी लाल किंवा केशरी रंगाची असावी आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात असावी. शिट्टी, हेडटॉर्च, चादर, एक ओआरएस आणि मूठभर गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याची वडी या वस्तू मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या अंगावर किंवा सॅकमध्ये असाव्यात, कारण चुकणारा माणूस एकटाच चुकतो. सामाईक साहित्याचे वजन सहा जणांच्या गटात तीन किलोंच्या आत बसवता येते.

गॅसची डबी आणीबाणीच्या साहित्यात धरावी का?

गरम पाणी मिळणे ही मोठी गोष्ट आहे, त्यामुळे स्टोव्ह उपयोगी आहेच. परंतु गॅसची डबी, रॉकेल किंवा स्पिरिट रेल्वेने नेण्यास मनाई आहे आणि विमानातही ते चालत नाही. कसाऱ्यापर्यंत लोकलने जाणाऱ्यांनी हे लक्षात घेऊन आधीच दुसरी सोय करावी. कळसूबाई-हरिश्चंद्रगडसारख्या अभयारण्यात मुक्काम आणि आग या दोहोंविषयी वन विभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. काड्यापेटी पावसाळ्यात झाकणाच्या डबीत ठेवली तरी सर्दावते, लायटर दोन घ्यावेत.

घरी काय ठेवून जावे?

एक कागद. त्यावर सर्वांची नावे, रक्तगट, जवळच्या नातेवाइकांचे क्रमांक, कोणत्या वाटेने चढणार आणि कोणत्या वाटेने उतरणार, मुक्कामाच्या जागा, पायथ्याच्या गावातील ओळखीच्या घराचा क्रमांक आणि अमुक वेळेपर्यंत फोन न आल्यास शोध सुरू करावा अशी स्पष्ट वेळ लिहावी. उतरण्याच्या गावाचे नाव लिहिणे किती महत्त्वाचे आहे, हे हरिश्चंद्रगडावरून लक्षात येते. त्याचे पाचनई हे पायथ्याचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, खिरेश्वर पुणे जिल्ह्यात आणि नळीच्या वाटेचे बेलपाडा ठाणे जिल्ह्यात आहे. घरच्यांनी केवळ 'हरिश्चंद्रगडावर गेले आहेत' एवढेच सांगितले, तर कोणत्या जिल्ह्याच्या पोलीस ठाण्याला कळवायचे यावरच पहिला तास जातो. वाट ऐनवेळी बदलली तर नेटवर्क मिळेल तेथून तसा संदेश पाठवावा, आणि सुखरूप उतरल्यावर पहिला फोन त्याच घरी करावा.

परत आल्यावर पेटीचे काय करावे?

त्याच आठवड्यात उघडून वाळवावी. पावसाळी ट्रेकनंतर गॉजच्या पाकिटांना बुरशी येते, चिकटपट्टीचा गोंद सुटतो आणि कात्रीला गंज धरतो. वापरलेले लगेच भरून ठेवावे, टॉर्चमधले सेल काढून ठेवावेत आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सर्वांत आधी मुदत संपणाऱ्या औषधाचे नाव व तारीख पेनने लिहून ठेवावी.